खर्जाची पेटी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील एखाद्या शहरात, चौकातला तांबडा दिवा पाहून मोटारी थांबलेल्या असताना, मागून येऊन शेजारी उभ्या राहिलेल्या पिकअप गाडीचे अस्तित्व प्रथम कानांना नव्हे, तर छातीच्या पिंजऱ्याला कळते. तिच्या काचा बंद असतात. गाणे कोणते चालले आहे, गाणारा पुरुष आहे की स्त्री, यांपैकी कशाचाही बोध होत नाही. परंतु आपल्या गाडीचा आरसा मंद थरथरू लागतो, त्या पिकअपची नंबरपाटी पत्र्यावर तडतडते, आणि कोणी प्रचंड प्राण्याने संथपणे उच्छ्वास टाकावा तसा एक दाब अंगावरून येऊन जातो. या प्रकाराकडे केवळ उपद्रव म्हणून पाहण्याची सभ्य माणसांची रीत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. तथापि त्या दाबाच्या मुळाशी आसनामागे दडवलेली जी लाकडी पेटी असते, तिच्या रचनेत सुतारकाम, गणित आणि नादशास्त्र यांचा जो मिलाफ झालेला असतो तो इतका मनोज्ञ आहे, की त्याची हकिगत मराठी वाचकांपुढे एकदा सविस्तर मांडावी असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

प्रथम खर्ज म्हणजे काय याचे माप घेऊ. पुरुषांच्या तंबोऱ्यात खर्जाची जी तार असते, ती काळी एकच्या पट्टीत सेकंदास सुमारे ७० वेळा कंप पावते. गाडीत बसविलेल्या सबवूफरचे खरे राज्य त्याच्याही खाली एक संपूर्ण सप्तक, म्हणजे ३५ हर्ट्झच्या आसपास असते. या नादाची तरंगलांबी सुमारे दहा मीटर भरते. म्हणजे ज्या लाटेची एक उठाव-बैठक पुरी होण्यास दोन पिकअप गाड्या एकापुढे एक उभ्या कराव्या लागतील, ती लाट आपण दीड मीटर लांबीच्या एका खोलीवजा जागेत उत्पन्न करू पाहतो. भरीस भर म्हणजे मनुष्याचा कान या प्रांतात अत्यंत मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ साली समान भासणाऱ्या आवाजांचे जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांतून ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे पुढे आली. ४० हर्ट्झचा नाद नुसता ऐकू येण्यासाठीच सुमारे ५० डेसिबेलची पातळी गाठावी लागते. सतारीचा झणत्कार जितक्या अल्प श्रमात कानी पडतो, तितक्या श्रमात खर्ज कधीच पडत नाही. त्यासाठी हवा ढकलावी लागते, आणि ती पुष्कळ ढकलावी लागते.

हवा ढकलण्याचे काम वूफरचा शंकू करतो. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला कागदाचा शंकू आणि वेटोळ्यातून खेळणारा विद्युत्प्रवाह, ही मांडणी राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली जगापुढे ठेवली, आणि तिच्या मूळ तत्त्वात अद्यापि फारसा बदल झालेला नाही. परंतु असा वूफर दुकानातून आणून, कोणत्याही पेटीवाचून टेबलावर ठेवून वाजविला, तर खर्ज म्हणून काही ऐकूच येत नाही. शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ही दाबलेली हवा काठाला वळसा घालून मागच्या पोकळीत शिरते, आणि जमेची रक्कम खर्चाने तत्काळ खाऊन टाकावी तसा दोहोंचा मेळ शून्यावर येतो. पेटीचे पहिले कर्तव्य म्हणजे पुढची हवा आणि मागची हवा यांची ही परस्पर गाठ पडू न देणे. म्हणूनच मी म्हणतो, की खर्ज वूफर उत्पन्न करीत नाही. वूफर नुसता धक्का देतो, आणि त्या धक्क्याचे नादात रूपांतर करण्याचे खरे श्रेय पेटीतल्या आणि गाडीतल्या कोंडलेल्या हवेकडे जाते. आपल्याकडे पेटी म्हटले की बाजाची पेटी डोळ्यांपुढे येते. या पेटीलाही वाद्य म्हणण्यास माझी काहीच हरकत नाही.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिली संपूर्ण बंद पेटी. हिच्यातली कोंडलेली हवा एखाद्या मऊ स्प्रिंगप्रमाणे शंकूला मागे खेचते आणि पुढे लोटते. या हवेच्या स्प्रिंगवरच विसंबून, शंकूची स्वतःची ताठरता मुद्दाम कमी ठेवण्याची युक्ती एडगर विल्चर यांनी काढली, आणि १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांनी व हेन्री क्लॉस यांनी त्या तत्त्वावरचा लहान आकाराचा ध्वनिक्षेपक बाजारात आणला. दुसरी पेटी छिद्राची, जिला आज सर्वत्र पोर्टची पेटी म्हणतात. तिची कल्पना बेल प्रयोगशाळेतील थुरस यांनी १९३० साली मांडली आणि १९३२ साली तिचे पेटंट त्यांना मिळाले.

ही दुसरी पेटी समजण्यासाठी पाणवठ्यावरच्या घागरीची आठवण पुरे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली असता ती एका विवक्षित स्वरातच घुमते. अर्धी भरल्यावर तोच स्वर वर चढतो. घागरीच्या गळ्यातली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. वजन जितके अधिक आणि स्प्रिंग जितकी मऊ, तितका स्वर खालचा. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या नादविषयक ग्रंथात अशा पोकळ गोलकांचा उपयोग करून स्वरांचे पृथक्करण केले, आणि म्हणून या अनुनादास आजही त्याचे नाव आहे. पोर्टची पेटी म्हणजे वूफरने वाजविलेली घागरच होय. शंकूची मागची लाट, जी बंद पेटीत कोंडून वाया जाते, ती येथे पोर्टातल्या हवेच्या दांड्याला हलवून बाहेर पडते, आणि पेटीच्या नेमक्या स्वरावर असे घडते, की शंकू जवळजवळ स्तब्ध असतो व सगळा पराक्रम पोर्ट गाजवितो. हे दृश्य ज्याने प्रथमच पाहिले त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे जड जाते.

पूर्वी या पेट्या अंदाजपंचे होत असत. त्यांना गणिताची शिस्त लावली ती ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७०नंतरच्या दशकात हे दाखवून दिले, की कोणत्याही वूफरची कुंडली मोजक्या आकड्यांत मांडता येते: त्याचा नैसर्गिक स्वर कोणता, त्याचे आंदोलन किती लवकर शमते, आणि त्याच्या ताठरतेशी तुल्य अशी हवा किती लिटर. हे आकडे आज प्रत्येक वूफरच्या खोक्यातल्या कागदावर छापलेले असतात, आणि त्यांवरून पेटीचे घनफळ रीतसर ठरविता येते. पण गणिताने एक कठोर मर्यादाही उघड केली. जोसेफ अँटन हॉफमन, थोर पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव, यांच्या नावाने ती ओळखली जाते: खोल खर्ज, मोठा आवाज आणि लहान पेटी या तीन वरांपैकी दोनच एका वेळी मागता येतात. पिकअप गाडीत जागा नसते आणि मालकाला आवाज मोठा हवा असतो; साहजिकच खोलीवर, नाहीतर विजेच्या खर्चावर, संक्रांत येते.

आता प्रत्यक्ष एक पेटी आखून पाहू. गाडी एकेरी केबिनची, म्हणजे आसनांची एकच रांग असलेली धरू. आसनाची पाठ आणि केबिनचा मागचा पत्रा यांमध्ये वरती अरुंद व खाली रुंद अशी पाचरीसारखी जागा सापडते. पेटी बाहेरून १२० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर उंच करू. फळी १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची, कारण ती सर्वत्र एकसारखी घट्ट असते आणि तिच्या आत गाठी वा पोकळ्या नसतात. आतली खोली माथ्याशी १२ आणि तळाशी २०.८ सेंटिमीटर ठेवली तर सरासरी १६.४ पडते, आणि आतले घनफळ साडेएकोणसत्तर लिटरांच्या आसपास भरते. पण हा ताळेबंद येथे पुरा होत नाही. बारा इंची उथळ वूफरचा सांगाडा व चुंबक तीनएक लिटर खातील. पोर्ट आणि त्याच्या भिंती मिळून बारा. आतले आडवे आधार आणखी तीन-चार. निव्वळ शिल्लक उरते ती सुमारे ५० लिटर. नवशिक्या सुतार बहुधा येथेच चुकतो: तो ढोबळ घनफळ हेच निव्वळ समजतो, आणि मग पेटी ठरविल्याहून वरच्या स्वरात का बोलते याचे त्याला नवल वाटत राहते.

या ५० लिटरांना ३५ हर्ट्झवर लावायचे आहे. पोर्टाचे तोंड १५० चौरस सेंटिमीटर घेतले, तर हिशेबाने त्यातल्या हवेच्या दांड्याची लांबी ७३ सेंटिमीटर हवी. परंतु दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही दांड्याबरोबर हलत असल्यामुळे तिच्यापोटी सुमारे १० सेंटिमीटर वजा करून प्रत्यक्ष पोर्ट ६३ सेंटिमीटरांचा ठेवावा लागतो. एवढा लांब बोगदा पेटीच्या एका बाजूने वळवून न्यावा लागतो आणि नऊ-साडेनऊ लिटर हवा एकटाच अडवून बसतो. मग तोंड निम्मे का करू नये? निम्म्या तोंडाला २९ सेंटिमीटर लांबी पुरते, जागा वाचते, सुतार सुखावतो. पण तीच हवा निम्म्या वाटेने दुप्पट वेगाने ये-जा करू लागते, आणि मोठ्या आवाजाला पोर्टातून भात्यासारखे फुसफुसणे ऐकू येते, स्वराचा जोरही उणावतो. ज्यांना मोठाच आवाज हवा आहे त्यांनी जागेचा लोभ सोडून रुंद पोर्ट घ्यावा आणि त्याच्या कडा गोल घासाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक सावधगिरी: पेटीच्या स्वराखाली गेले की पोर्ट उघड्या खिडकीसारखा होतो, शंकूमागचा हवेचा आधार सुटतो, आणि ३५ हर्ट्झच्या पेटीला २० हर्ट्झचा नाद भरविला तर शंकू अनावर होऊन फाटूही शकतो, म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये त्याखालच्या नादांना बंदी घालणारी गाळणी लावणे अगत्याचे असते.

जाड फळीचा आग्रह कशासाठी, याचेही उत्तर आकड्यांत देता येते. बारा इंची शंकू दीड सेंटिमीटर आत सरकला की सुमारे पाऊण लिटर हवा दाबतो. ५० लिटरांच्या बंद पेटीत त्यामुळे दाब वातावरणाच्या दोन टक्क्यांनी वाढतो. दोन टक्के ऐकावयास क्षुल्लक. पण आपल्या पेटीच्या मोठ्या फळीवर त्याचा एकूण भार ८५ ते ९० किलो वजनाइतका होतो, आणि हा भार सेकंदातून ३५ वेळा तिला बाहेर ढकलतो व तितक्याच वेळा आत ओढतो. एखादा दणकट माणूस फळीवर अशा गतीने नाचत आहे अशी कल्पना करावी. अशा फळीला मधोमध आधार नसेल तर ती स्वतःच पडद्यासारखी हलते आणि कष्टाने मिळविलेली शक्ती लाकडात जिरून जाते. सांधे डिंकाने सांधून स्क्रूने आवळलेले असावेत, आणि आतून सीलंटची रेघ फिरविलेली असावी. सुईएवढ्या छिद्रातूनही शिटी वाजते. ही रिकामी पेटीच विसाहून अधिक किलोंची होते.

येथपर्यंत झाली पेटीची गोष्ट. पण पेटीबाहेर दुसरी एक पेटी असते, ती म्हणजे केबिन, आणि पिकअपच्या खर्जाचे खरे रहस्य तिच्यात आहे. मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवलेला आपला बारा इंची शंकू तेवढ्याच हालचालीने ३५ हर्ट्झला एक मीटरवर सुमारे १०७ डेसिबेल देईल. तीच हालचाल पावणेदोन-दोन घनमीटर हवेच्या घट्ट बंद केबिनमध्ये केली, तर हिशेबाने १२५ डेसिबेलच्या आसपास दाब होतो. कारण असे, की तरंगलांबीच्या मानाने केबिन इतकी लहान असते, की लाट पसरावयास जागाच नसते. सगळी हवा एकाच वेळी दाबली जाते आणि एकाच वेळी सैल होते, जणू आपण पंपाच्या नळकांड्यात बसलो आहोत. दीड मीटर लांब केबिनमध्ये हा परिणाम सुमारे ११५ हर्ट्झच्या खाली सुरू होतो आणि स्वर एक सप्तक खाली गेला की बारा डेसिबेलने वाढतो. बंद पेटीचा आवाज नेमका त्याच प्रमाणात खाली घसरत असतो. एकाची उतरण दुसऱ्याच्या चढणीने भरून निघते, आणि बंद पेटी लहान केबिनमध्ये अनपेक्षित खोल बोलते. प्रत्यक्ष दारांच्या फटी आणि पत्र्याची लवचिकता यांमुळे हा लाभ पुरता पदरात पडत नाही, हे खरे. तरी जो पडतो तो विनामूल्य असतो.

स्पर्धेच्या नादाने वेडावलेले लोक याच तत्त्वाची परिसीमा गाठतात. केबिनचा मागचा पत्रा कापून, मागच्या हौद्यावर टप बसवून, तेथे भिंतीएवढी पेटी उभारायची आणि तिचे तोंड रबराची कड लावून थेट केबिनमध्ये उघडायचे: पेटीला जागा हौद्याची मिळते आणि दाब मात्र लहान केबिनचा. अमेरिकेत केवळ दाबाचे माप घेणाऱ्या स्पर्धा भरतात, आणि त्यांत काचा फुटू नयेत म्हणून दारांना बाहेरून आधारही देतात. काही जण वूफर पेटीच्या पोटातच दोन खणांमध्ये बसवून एकाच अरुंद स्वरपट्ट्यात जोर एकवटतात. मला ही शेवटची मांडणी रुचत नाही. एका स्वरात गर्जणारी आणि शेजारच्या स्वरात मुकी होणारी पेटी ही स्पर्धेची बाब झाली, संगीताची नव्हे.

आणि या सर्वांमागे संगीत आहेच. रोलँड कंपनीच्या ८०८ या ढोलयंत्राने, जे १९८० साली निघाले, एक लांब घुमत विरणारा खोल ठोका जगाला दिला. दक्षिण फ्लॉरिडात त्या ठोक्यावर मायामी बेस नावाचा संप्रदाय उभा राहिला आणि तो मोटारींतूनच पसरला. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे डीजे स्क्रू याने १९९०नंतरच्या दशकात गाणी मुद्दाम संथ करून ध्वनिफितींवर उतरविली. गाणे संथ झाले की खर्ज आणखी खाली उतरतो, आणि तो पेलण्यासाठी गाड्यांतल्या पेट्याही मोठ्या झाल्या. वाद्याने संगीत घडविले आणि संगीताने वाद्य, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे पिकअप गाडीवरचा खर्ज म्हटला की मिरवणूक आठवते. परंतु तेथे गणित उलटे आहे. उघड्या हौद्यावर रचलेल्या पेट्यांना केबिनचा आधार नाही. रस्ता आणि आकाश यांनाच त्या दाब देत असतात. वूफर आणि वीज दोन्ही दुप्पट केली तर सहा डेसिबेल वाढतात, आणि हा हिशेब पुरा करण्यासाठीच पेट्यांची भिंत उभी करावी लागते. सातारा-कोल्हापूरकडे या प्रकाराला डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढली ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्यासाठी, ही गोष्ट त्या गावांतल्या तरुणांना कोणी सांगितली तर त्यांना ती नवीन वाटेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. पण हे माप कानाच्या संवेदनेला अनुसरून घेतलेले असते, आणि त्यात ४० हर्ट्झच्या नादातून सुमारे ३५ डेसिबेल वजा होतात. ११० डेसिबेलचा शुद्ध खर्ज यंत्रावर ७५ च्या जवळपास उमटतो. ७५ ही पातळीदेखील मर्यादेबाहेरचीच. परंतु खिडक्या थरथरवणारा, भिंतीतून सहज आरपार जाणारा आणि आजारी माणसाच्या उशाशी येऊन बसणारा जो दाब, त्याची पुरती नोंद त्या आकड्यात होत नाही, हे जाणून घेतल्याशिवाय या तंट्याचा निवाडा व्हावयाचा नाही. केबिनमध्ये बसलेल्याने स्वतःच्या कानांबद्दलही हेच लक्षात ठेवावे: खर्ज सुखद वाटतो आणि दुखत नाही, म्हणून आवाज वाढवीत जावेसे वाटते, आणि त्याच्याबरोबर वाढविलेले वरचे स्वर कानातल्या नाजूक पेशींचे जे नुकसान करतात ते पुन्हा भरून येत नाही.

पेटी तयार झाली, की तिला हजार वॅटचा ॲम्प्लिफायर जोडावा. त्याला पूर्ण भारावर नव्वदएक अँपिअर प्रवाह लागेल, म्हणून तार जाड असावी आणि फ्यूज बॅटरीलगतच असावा. मग आवाज निम्म्यावर ठेवून ८० हर्ट्झपासून २० कडे संथपणे उतरणारा एक नाद लावावा आणि शंकूवर दृष्टी ठेवावी. तो हलत हलत ज्या स्वरावर एकाएकी निश्चल होईल, तो पेटीचा खरा स्वर. पोर्टाशी तळहात धरला तर त्या वेळी तेथे वाऱ्याचा झोत लागतो. ३५ च्या जागी तो ३८ ला सापडला, तर पोर्ट थोडा लांबवावा. पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवावी. जेथे धुराची रेघ थरथरेल तेथे फट आहे. त्यानंतर गाडीभोवती एक फेरी मारावी. कोठे दिव्याची काच, कोठे दाराचे अस्तर, कोठे आरसा आपापल्या स्वराला कुरकुरताना सापडेल. आणि सरतेशेवटी मागे जाऊन नंबरपाटी सोडवावी, तिच्या पाठीशी स्पंजची एक पट्टी घालावी, आणि तिचे स्क्रू पुन्हा आवळावेत.